खिशातल्या चाकूची धार टिकत नाही: अंश बदलण्याआधी कड बघा

चाकूला धार लावली, वर्तमानपत्राचा कागद सरसर कापला, आणि चौथ्या दिवशी तोच चाकू टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागला. पुन्हा धार, पुन्हा चार दिवस. असे दोन-तीनदा झाले की सगळा संशय कोनावर, म्हणजे घासताना पाते दगडावर किती तिरके धरले यावर जातो. १५ अंश नाजूक ठरले म्हणून २० लावले जातात, २० जाड वाटले म्हणून पुन्हा १५. दगड झिजतो, पाते झिजते, तक्रार मात्र तशीच.

कधी कधी दोष खरोखर कोनाचा असतो. पण धार कशी गेली हे न बघता अंश ठरवणे म्हणजे नाडी न बघता काढा देणे. कड वळली, तुटली, झिजली, की ती मुळात तयारच झाली नव्हती? या चारही दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि कोन बदलून बरी होणारी त्यातली पहिली तीनच.

दिव्याखाली काय दिसते

धार वर करून चाकू टेबललॅम्प किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली धरा आणि सावकाश डोलवा. चांगल्या धारेला रुंदीच नसते, त्यामुळे प्रकाश परतवायला तिथे काही नसते. ती काळी दिसते. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे धार बोथट आहे. सलग रेघ असेल तर कड झिजली आहे किंवा तयारच झालेली नाही. सुटे चमकते ठिपके असतील तर तेवढ्या जागी ती तुटली किंवा दबली आहे. एका बाजूने बघितले की रेघ दिसते आणि दुसऱ्या बाजूने नाही, असे असेल तर कड वळली आहे.

मग नख. अंगठ्याचे नख पात्याच्या पाठीकडून धारेकडे नेत बाहेर सोडा. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. एका बाजूला नख गुळगुळीत सुटते आणि दुसऱ्या बाजूला किंचित अडकते, म्हणजे कड त्या बाजूला झुकली आहे. शेवटी कापसाचा बोळा तसाच पाठीकडून धारेकडे पुसा. जिथे तंतू अडकून राहतो तिथे खाच आहे, किंवा लोंबता बर, म्हणजे घासताना कडेला आलेली पत्र्यासारखी पातळ पट्टी आहे.

ही तपासणी दोनदा करायची: धार लावल्या लावल्या, आणि धार गेल्यावर. बहुतेक जण फक्त दुसऱ्यांदा करतात आणि म्हणून फसतात. धार लावून चाकू पुसला त्या क्षणीच रेघ दिसत असेल, तर तिच्या टिकण्या न टिकण्याची चर्चा करण्यात अर्थ नाही.

दगड कडेला लागलाच नाही

सगळ्यांत जास्त सापडणारे कारण हे, आणि नेमके हेच कोनाच्या दोषासारखे भासते. समजा, कारखान्यातून आलेल्या धारेचा कोन एका बाजूला २२ अंश आहे. तुम्ही १७ ठरवले आणि इमानदारीने १७ वरच घासले. दगड आता धारेच्या उताराच्या वरच्या खांद्यावर, म्हणजे उतार आणि पाते जिथे मिळतात तिथे, घासतो आहे. उतार चकाकतो, दगडावर काळे पाणी येते, काम झाल्यासारखे वाटते. कड मात्र कालचीच.

उपाय स्टेशनरीच्या दुकानात मिळतो: काळा पर्मनंट मार्कर. दोन्ही बाजूंचे उतार टोकापर्यंत रंगवा, ठरवलेल्या कोनात दगडावरून हलक्या हाताने दोनदा ओढा आणि बघा. शाई फक्त वरून गेली तर कोन कडेपेक्षा लहान आहे. फक्त कडेची गेली तर कोन मोठा आहे. पूर्ण पट्टी पुसली गेली तर तुम्ही असलेल्याच कोनावर आहात. मधेच जाते आणि वर-खाली राहते, तर उतार फुगीर झाला आहे. घासताना मनगट डोलते आहे.

आहे तो कोन आकड्यात हवा असेल तर व्हर्नियर कॅलिपरने दोन मापे घ्या: उताराच्या खांद्यापाशी पात्याची जाडी, आणि उताराची रुंदी. जाडीच्या निम्म्याला रुंदीने भागले की त्या कोनाची साइन मिळते. जाडी ०.६ मिलिमीटर आणि रुंदी ०.८ असेल तर ०.३ भागिले ०.८, म्हणजे ०.३७५, एका बाजूचा कोन २२ अंश. त्याच पात्यावर १७ अंश हवे असतील तर उतार १ मिलिमीटरच्या थोडा वर रुंद व्हायला हवा. तोवर दगड कडेला टेकलेला नाही, हे मार्करशिवायही कळेल. मऊ स्टेनलेसवर नुसत्या बारीक दगडाने हे करायला बसलात तर संध्याकाळ जाईल. त्यासाठी कार्बोरंडम दगडाची खरखरीत बाजू किंवा ३०० ते ४०० ग्रिटची डायमंड प्लेट घ्यावी (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक). कोन कमी करायचा नसेल, फक्त धार परत आणायची असेल, तर जुनाच कोन मार्करने शोधून त्यावर थांबणे शहाणपणाचे.

आपण कुठले अंश बोलतो आहोत

एक घोटाळा इथेच मिटवू. काही जण एका बाजूचा कोन सांगतात, काही जण दोन्ही बाजूंचा मिळून. व्हिक्टोरिनॉक्स ही स्विस चाकू कंपनी आपल्या चाकूंसाठी एका बाजूला १५ ते २० अंश, म्हणजे एकूण ३० ते ४० सांगते. त्यातला ४० हा आकडा उचलून एका बाजूला ४० लावले तर हातात छिन्नी येईल. या लेखात सगळे आकडे एका बाजूचे आहेत.

दुसरा घोटाळा नाण्यांचा. पाठीखाली नाणी ठेवून कोन मिळवायचा हा चांगला उपाय आहे, पण त्याचे गणित बरेचदा अर्धे सांगितले जाते. पात्याची रुंदी गुणिले कोनाची साइन, एवढेच. १४ मिलिमीटर रुंद पाते आणि १७ अंश धरले तर ४.१ मिलिमीटर येतात. पण हे अंतर दगडापासून पाठीच्या मध्यापर्यंतचे आहे, आणि नाणी टेकतात पाठीच्या खालच्या कोपऱ्याला. पाठ अडीच मिलिमीटर जाड असेल तर जवळजवळ १.२ मिलिमीटर वजा करावे लागतात, म्हणजे नाणी हवीत २.९ मिलिमीटरची. वजाबाकी विसरलात तर सतरा लावायला जाता बावीस लागतात. याच पात्यासाठी १५ अंशांना २.४, २० अंशांना ३.६ आणि २५ अंशांना ४.८ मिलिमीटर. नाण्यांची जाडी काळाप्रमाणे बदलत आली आहे, तेव्हा गड्डी पट्टीने मोजूनच घ्या. नाणी फक्त सुरुवातीला, हाताला कोन कळावा म्हणून वापरायची. ती पाठीखाली ठेवून घासत बसायचे नाही.

पट्टी, नाणी काहीच नको असेल तर चौकोनी कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा: ९० चे ४५, ४५ चे साडेबावीस. ही पाचर पात्याशेजारी उभी करून तिच्यापेक्षा थोडे खाली राहिलात की खिशातल्या चाकूचे बहुतेक काम होते.

दोन दिवसांची धार म्हणजे राहिलेला बर

कड तयार झाली की पलीकडच्या बाजूला पत्र्यासारखी पातळ, वळलेली पट्टी येते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. बर आला म्हणजे दगड कडेपर्यंत पोहोचला, ही खूण चांगली. तो तसाच राहिला तर मात्र तीच पट्टी धार म्हणून काम करते. हातावरचे केस काढते, कागद कापते आणि पहिल्या दोन-तीन सफरचंदांत आडवी होते. आदल्या दिवशी वस्तऱ्यासारखा असलेला चाकू दुसऱ्या दिवशी बोथट झाला, या तक्रारीमागे बहुधा हेच असते. अशा वेळी कोन वाढवून उपयोग नाही. नव्या कोनावरही बर राहिलाच तर धार तशीच जाईल.

मऊ स्टेनलेसवर बर चिवट असतो. व्हिक्टोरिनॉक्सचे मोठे पाते कठीणपणाच्या रॉकवेल सी मापावर ५६ च्या आसपास असते. हलक्या प्रतीचे चाकू त्याहून मऊ. असे पोलाद कडेवरून सुटण्याऐवजी इकडून तिकडे वळत राहते. म्हणून क्रम असा ठेवा. खरखरीत बाजूवर एकाच बाजूने घासा, मूठ ते टोक पूर्ण लांबीवर बर लागेपर्यंत. घासण्यांची संख्या मोजू नका, बर बघा. मग दुसऱ्या बाजूने तसेच. मग एक इकडे, एक तिकडे असे आलटून-पालटून, दर चार-पाच फेऱ्यांनी दाब कमी करत. दाबाचा अंदाज येत नसेल तर दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा: सुरुवातीला किलोभर, शेवटी शंभर-दीडशे ग्रॅम. हा शेवटचा आकडा बघून बहुतेकांना आपण किती रेटत होतो ते कळते.

एवढ्यानेही बर गेला नाही तर बारीक दगडावर पाठ दोन-तीन अंश जास्त उचलून, धार पुढे ठेवून, दोन्ही बाजूंनी तीन-तीन हलक्या फेऱ्या मारा. त्याने वळलेली पट्टी कापली जाते आणि टोकाला केसाएवढा दुसरा उतार तयार होतो. नंतर चामड्याच्या जुन्या पट्ट्याच्या आतल्या खरबरीत बाजूवर हिरवे पॉलिश लावून दहा-बारा वेळा, धार मागे ठेवून ओढा. पट्ट्यावर दाबायचे नाही. चामडे दबले की ते कडेभोवती वर येते आणि धार गोल करते.

मग अंश किती?

आता खरा कोनाचा प्रश्न. कड नीट तयार झाली, बर गेला, लगेचच्या तपासणीत काळी दिसली, आणि तरीही लवकर जाते. अशा वेळी ती कशी गेली ते दुसऱ्या तपासणीत बघायचे.

वळलेली असेल तर त्या पोलादाला आणि त्या कामाला कोन बारीक पडतो आहे. एकदम पाच अंश वाढवू नका. मुख्य उतार आहे तसा ठेवून फक्त शेवटच्या फेऱ्या दोन-तीन अंश वर करा. पात्याचे मागचे अंग पातळच राहते, त्यामुळे कापताना जोर लागत नाही, आणि कडेला आधार मिळतो. त्यानेही वळत असेल तर आणखी दोन. खिशातल्या चाकूला २५ च्या पुढे जावे लागत असेल तर त्याच्याकडून कोयत्याचे काम करून घेतले जात आहे.

तुटलेली असेल, खाचा पडल्या असतील, तर आधी काय कापले ते आठवा. तार, नारळाची करवंटी, हाड, डब्याचे झाकण उचकटणे. हे चालूच राहणार असेल तर २२ ते २५ लावा. एकदाच झाले असेल तर कोन बदलू नका, खाचा घासून काढा.

सारखी झिजली असेल, वळली नाही आणि तुटली नाही, तर कोन जाड असण्याचीच शक्यता जास्त. हे उलटे वाटते. पण बारीक कोनाची कड थोडी झिजली तरी पाते पातळ असल्याने कापत राहते. जाड कोनाची तेवढीच झिजली की घसरते. म्हणजे कड वळत नाही आणि तुटत नाही तोवर कोन कमी करत जाणे फायद्याचे. एकेका वेळी दोन अंश खाली या, आणि वळायला लागली की शेवटचे दोन परत घ्या. तुमच्या चाकूचा, तुमच्या कामाचा अंश असाच सापडतो. कुठल्याही तक्त्यात तो छापलेला नाही.

सुरुवात कुठून करायची तेवढे सांगता येते. ५५ ते ५७ कठीणपणाचे साधे स्टेनलेस, घरात फळे, पाकिटे, दोरा, थोडे खोके: १७ किंवा १८. खोकी, सुंभ, फांद्या आणि लाकूड रोजचे असेल तर २०. ५९-६० च्या पुढचे, बारीक दाण्याचे पोलाद आणि फक्त कापण्याचे काम, उचकटणे अजिबात नाही, तर १५. स्वस्तातल्या, कठीणपणा न लिहिलेल्या चाकूला २० च्या खाली नेऊ नका, बहुधा वळेल.

कलमाचा चाकू या हिशेबात बसत नाही. पाचर कलमाला किंवा डोळा भरायला काप सपाट हवा, म्हणून त्याचे पाते बहुधा एकाच बाजूने उतरते असते आणि दुसरी बाजू सपाट असते. त्याला दोन्ही बाजूंनी धार लावली की काप फुगीर येतो, खुंट आणि काडी नीट टेकत नाहीत. उताराच्या बाजूने आहे तोच कोन ठेवा, सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त बर काढा.

मधे कापतो, टोकाला नाही

नाण्यांवर शिकलेल्यांची ही ठरलेली अडचण. टोकाकडे पाते निमुळते होते, पण पाठीची उंची तेवढीच ठेवली जाते. मघाच्याच पात्याची रुंदी टोकापाशी ८ मिलिमीटर आणि पाठ २ मिलिमीटर झाली, तर २.९ मिलिमीटरच्या उंचीवर तिथला कोन २८ च्या आसपास जातो. मधे १७, टोकाला २८. मार्करने हे लगेच दिसते. टोकाकडे सरकताना पाठ थोडी खाली येऊ द्या, आणि धारेच्या वळणापाशी मूठ हलकेच उचला, म्हणजे त्या जागची कड दगडावर सपाट टेकेल. मूठ जास्त उचलली की टोक गोल होते, आणि गोल झालेले टोक परत आणायला बरेच पोलाद घालवावे लागते. वळणाचा भाग वेगळा, छोट्या फेऱ्यांनी केलेला बरा.

मुठीपाशी शेवटचे चार-पाच मिलिमीटर बोथट राहतात कारण पात्याचा जाड भाग दगडाच्या कडेवर चढतो आणि पाते उचलले जाते. पाते दगडावर तिरके धरा, दगडाच्या काठाने तेवढी जागा वेगळी घासा.

कोन हाताचा नाही, दगडाचा चुकतो

हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड वर्षभरात मधे खोलगट होतो. खोलगट दगडावर हात कितीही स्थिर ठेवला तरी कोन प्रत्येक फेरीत बदलतो आणि उतार फुगीर होतो. स्टीलची पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. दिसला तर दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा, सपाट जाड काचेवर ८० किंवा १२० नंबरचा वॉटर पेपर ठेवा आणि पाणी घालून सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड त्यावर घासा. हे काम ओट्याच्या ग्रॅनाइटवर करू नका, चकाकी जाईल.

दगडाला पाणी किंवा शिलाई मशीनचे तेल, दोन्ही चालते. एकदा तेल घातलेला दगड मात्र पाणी नीट घेत नाही. स्वयंपाकाचे तेल नको. शेंगदाण्याचे तेल चिकट होऊन दाण्यांमधली जागा बुजवते आणि दगड नुसता सरकतो.

खाचेतून ओढायच्या छोट्या यंत्रांचा कोन ठरलेला असतो, तुमच्या धारेचा काहीही असो. तो जुळला नाही तर कार्बाइडच्या पट्ट्या कड घासण्याऐवजी ओरबाडतात, आणि भिंगाखाली ती करवतीसारखी दिसते. अशी कड पहिल्या दिवशी टोमॅटो छान कापते, हीच त्यातली फसवणूक.

सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याकडून किंवा कोरड्या ग्राइंडरवर धार लावून घेतली असेल आणि त्यानंतर कुठल्याच कोनात ती टिकत नसेल, तर कडेचे पाणी उतरले, म्हणजे तापून तिचा कठीणपणा गेला असण्याचा संशय घ्या. साधे कार्बन पोलाद सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पिवळसर आणि तीनशेच्या जवळ निळे पडते. निळे पडलेली जागा मऊ झालेली असते. स्टेनलेसवर रंग उशिरा येतो, आणि कडेचा अगदी पातळ भाग रंग दिसण्याआधीच तापून गेलेला असू शकतो. हातदगडावर, पाण्यात, अर्धा ते एक मिलिमीटर कड मागे घ्या. तापलेला भाग संपला की मूळचे कठीण पोलाद लागते आणि धार पुन्हा टिकू लागते. धारवाल्याकडेच द्यायचे असेल तर दगड ओला ठेवायला आणि दाब हलका ठेवायला सांगा. विळीच्या जाड पात्याला जे चालते ते दोन मिलिमीटरच्या चाकूला चालत नाही.

आणि ताट. स्टीलच्या ताटात पेरू चिरताना प्रत्येक कापाच्या शेवटी कड स्टीलवर आपटते. काचेचे पाट, चिनी मातीच्या बशा, ग्रॅनाइटचा ओटा यांचेही तेच. १५ अंशांची कड अशा चार-पाच आपटांत वळते आणि नाव कोनाचे होते. लाकडी पाट घ्या, नाहीतर फळ हातात धरून कापा. कार्बन पोलादाच्या चाकूला, म्हणजे ओपिनेल या फ्रेंच चाकूच्या कार्बन पात्यासारख्या, कैरी आणि लिंबू आणखी त्रास देतात. आम्ल कडेलाच खाते आणि कोकणातल्या दमट हवेत रात्रभरात तिथे गंज धरतो. कापून झाल्यावर लगेच धुऊन कोरडा करा. फणसाचा चीक लागला असेल तर आधी तेलाने पुसा, मग साबण.

कागद कापतो, टोमॅटो नाही

याचा कोनाशी संबंध जवळजवळ नाही. कड फार गुळगुळीत झाली आहे. ३००० ग्रिट आणि वर पॉलिश केलेली धार कागदातून आणि लाकडातून सुरेख जाते. टोमॅटोची साल, ढोबळी मिरची, सुंभ यांना मात्र किंचित दातेरी कड लागते. ६०० ते १००० ग्रिटवर थांबा, चामड्यावर पाच-सहा फेऱ्यांपेक्षा जास्त नको.

काम करताना एक काळजी. खिशातले बरेचसे चाकू स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहतात, त्यांना कुलूप नसते. घासताना पात्याच्या पाठीवर टोकाकडून दाब दिला की पाते बोटांवर मिटू शकते. बोटे पात्याच्या सपाट अंगावर ठेवा, मूठ बिजागरीच्या मागे धरा. शेवटी दगडाची भुकटी बिजागरीत शिरलेली असते. चाकू कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून दहा-बारा वेळा उघडमीट करा, कोरडा करा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब बिजागरीत सोडा. खोबरेल नको, ते थंडीत थिजते आणि चाकू उघडताना नख तुटते.